बरं, येते

१

सेलूत कुणाचंही लग्न असो, पाठवणीला नवरीची आई रडायच्या आधी गोपीचंद तिला रडून दाखवायचा. कॅमेरा खांद्यावर, आणि तोंडातून असा हुंदका काढायचा की मांडवातल्या म्हाताऱ्या पदर शोधायला लागायच्या. "वहिनी, इथवर चढवा सूर. ह्याच्या वर गेलात तर माईक फाटतो." बाई रडायचं सोडून हसायची, मग हसता हसता खरंच फुटायची, आणि ते शूटिंगमध्ये लय झाक यायचं.

आवाज काढावे तर त्यानंच. लाईट गेल्यावर वायरमनचा आवाज काढून सगळ्या गल्लीला "आली, आली" म्हणून फसवायचा. सगळ्यात पक्का आवाज मात्र बायकोचा. राजेश्रीच्या आवाजात सासूला फोन करून त्यानं वर्षानुवर्षं लोणच्याच्या बरण्या मागवल्या. सासू बिचारी गेली, पण आपण लेकीशी बोलतोय का जावयाशी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि राजेश्रीचा आवाज म्हणजे काय साधा का? सेलूत रिक्षावर भोंगा बांधून जी जाहिरात फिरते, "सेलूकरांनो, आपल्या शहरात प्रथमच", ती राजेश्री. साड्यांचा सेल तिचा, डोळ्यांचं शिबिर तिचं, पाणी दोन दिवस येणार नाही हे सांगणारीही तीच. अख्ख्या बाजारानं तिला ऐकलेलं, पण भाजीवालीसुद्धा तिला तोंडानं ओळखत नव्हती. नवरा म्हणायचा, "राजेसाहेब, तुमी म्हंजे आकाशवाणी. देव दिसतोय का कुणाला?" ती हसायची. पण बायका हसतात तेव्हा सगळंच काही पटलेलं नसतं.

म्हणून माधवीबाईंचा फोन आला तेव्हा गोपीचंदापेक्षा राजेश्रीच जास्त हरखली.

२

माधवीबाई म्हणजे जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या आर्किटेक्ट. पाथरीच्या पुढं, गंगेच्या म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठाला नावपिंपरी म्हणून गाव आहे. तिथं निजामाच्या राज्यातला मुसाफिरखाना. पलीकडं जायचं तर नावेची वाट बघत लोक तिथं बसायचे. मग पूल झाला, नाव गेली, आणि पुढं त्यात कडबा राहिला, शेळ्या राहिल्या, शेवटी तर शेळ्यांनीही सोडला. माधवीबाईंनी तो पुन्हा उभा केला. घोटलेला चुना, काळा दगड, सागवानी दारं. आता बंधाऱ्याचं पाणी अडल्यामुळं गंगाही पुन्हा पायऱ्यांना येऊन टेकली होती. उद्घाटनाला दाखवायला एक माहितीपट पाहिजे होता, आणि माहिती सांगणारी एक बाई, पडद्यावर दिसणारी.

"शेवट मी ठरवलाय," माधवीबाई म्हणाल्या. "ताई पाण्याच्या दारात उभ्या राहतील, आत वळून त्या रिकाम्या ओट्यांकडं बघतील आणि म्हणतील, 'बरं, येते.' बस्स. त्यात परत येण्याचं वचन आहे ना!"

"वा!" गोपीचंद म्हणाला. "आणि इमारत म्हणल, जाताना दार लावून घ्या."

शूटिंगला तिघं गेले. गोपीचंद, राजेश्री, आणि कॅमेऱ्याला हरिओम. हा हरिओम तिशीतला गडी, कामाला चोख पण विनोदाला दगड. गोपीचंद म्हातारा झाला तसा कॅमेरा त्याच्याकडं दिला आणि स्वतः कानाला हेडफोन लावून आवाज धरायला लागला.

बाहेर डोकं तापवणारं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा. गारवा बरा असतो म्हणा. पण हा उंबऱ्याच्या आतच थांबलेला होता. बाहेरच्या उन्हाशी त्याची ओळखच नव्हती. लांबच लांब खोली. एक दार रस्त्याला, एक पाण्याला. दोन्ही भिंतींना धरून दगडी ओटे. मधे काहीच नाही. माणसं समोरासमोर बसावीत आणि एकमेकांकडं बघत राहावीत, एवढ्यासाठीच केलेली खोली.

गोपीचंद कोपऱ्यातल्या ओट्यावर टेकला आणि लगेच उठला. हात फिरवून बघितला. दगडाला खळगा होता. बसून बसून पडतो तसा, गुळगुळीत, बरोबर एका माणसाचा.

"बाई, हा दगड जुना आहे का?"

"नाही हो. ओटे सगळे नवीन. ह्याच चैतात बसवलेत."

"मग नव्या ओट्याला हे बूड कुणाचं उमटलं? बांधकामाचा गुत्तेदार लयच बसून होता म्हणायचं!"

हरिओम हसला नाही. माधवीबाई म्हणाल्या, उजेडामुळं तसं वाटतंय. गोपीचंदानं पुन्हा हात फिरवला. हाताला कुठला आला उजेड? पण शिकलेल्या बाईशी दगडावरून वाद घालणारा तो नव्हता. शेजारचा दगड मात्र सपाट होता, तेवढं त्यानं बघून ठेवलं.

रस्त्याच्या दारापाशी सावलीला दगडाबाई येऊन बसली होती. गावातली म्हातारी, शेळ्या राखणारी. आत या म्हणलं तर मान हलवली. राजेश्रीनं जांभळी साडी नीट केली, गळ्याशी माईक लावला, पाण्याच्या दारात उभी राहिली आणि आत वळून गोड म्हणाली, "बरं, येते."

"ए बाई!" दगडाबाई बाहेरून ओरडली. "हितं येते म्हणत न्हाईत."

झालं, टेक वाया. राजेश्रीनं विचारलं, "मग काय म्हणतेत, मावशी?"

"काय बी न्हाई. उठावं, चपला घालाव्या, निघावं."

"कामून?"

"कामून म्हंजे? मयतीहून निघताना म्हणतीस का येते म्हणून? न्हाई न? तसंच हे."

गोपीचंदाला चेव आला. "मावशे, हितं कोण मेलंय गं एवढं?"

म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "मेलेलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि शेळ्या हाकत निघून गेली. जाताना तिनंही येते म्हणलं नाही.

मग काय, टेकवर टेक. एकदा पलीकडं ट्रॅक्टर वाजला, एकदा हरिओमचा फोकस गेला, एकदा उजेड उतरला, एकदा पदर घसरला. दर वेळी राजेश्री नव्यानं वळायची, नव्यानं हसायची आणि म्हणायची, "बरं, येते." गुणाची बाई. एकदाही कंटाळून म्हणलं नाही. दर वेळी अगदी मनापासून.

३

गोपीचंदाचं एडिटिंगचं दुकान सेलूत, जिनिंगच्या गल्लीत वरच्या मजल्यावर. दिवसभर सरकीचा धुरळा आणि मशीनचा घरघराट. उद्या उद्घाटन, म्हणून दुपारचं जेवण झाल्याबरोबर तो हेडफोन लावून बसला.

पहिला टेक लावला. राजेश्री म्हणाली, "बरं, येते." मागून दगडाबाई ओरडली. त्या दोन्हींच्या मधे काहीतरी होतं. लांबचं. पाण्यावरून यावं तसं.

"या."

त्यानं पुन्हा लावलं. तेच होतं. कुणीतरी पलीकडच्या काठावरून हाकेला उत्तर द्यावं, तसं.

आता तुम्ही-आम्ही असतो तर इथंच अंगावर काटा आला असता. गोपीचंद खुश झाला. जन्मभर दुसऱ्याला बनवणाऱ्याला कुणी बनवायला निघालं, ह्याच्यासारखा मान नाही. "हरिओम्या," तो स्वतःशीच म्हणाला, "दगडाला पाझर फुटला म्हणायचा!"

दुसरा टेक लावला. "बरं, येते." "या." ह्या वेळी पाण्यावरून नाही. पायऱ्यांवरून.

पुढच्या टेकला दारातून. त्याच्या पुढच्याला आतून, समोरच्या ओट्यावरून. मध्ये एकदा आवाज "या की" म्हणाला. आग्रहानं, घरचं माणूस म्हणतं तसं. बापई का बाई, हे कळत नव्हतं. पण तोंडात पाण्याचा घोट धरून बोलावं, तसा ओला होता. आणि त्याला घाई अजिबात नव्हती.

गोपीचंदानं हसत हसतच हिशेब मांडला. हरिओम कॅमेऱ्यामागं होता. माधवीबाई दाराबाहेर फोनवर. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, आणि माईक राजेश्रीच्या गळ्याशी होता. शूटिंगच्या वेळी त्याच्या स्वतःच्या हेडफोनात असलं काही आलं नव्हतं. म्हणजे हरिओमनं नंतर कॉम्प्युटरवर आवाज घातला असणार. पण शूटिंगचं कार्ड तर कालपासून गोपीचंदाच्याच खिशात होतं. असू दे. दुसरी काही युक्ती असंल. हुशार आहे पोरगं, दाखवत नाही.

शेवटचा टेक. राजेश्री थकली होती तरी हसली. "बरं, येते."

आणि अगदी तिच्या गळ्याशी, पदराला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून, आवाज म्हणाला, "कधी?"

गोपीचंदानं हरिओमला फोन लावला. "अरे वा रे बहाद्दर!"

"काय झालं काका?"

"कधी म्हणतोस व्हय रे? आता बघच मी काय म्हणतो ते."

"काका, मी कापूस मोजायलोय. मागनं करू का फोन?"

फोन ठेवला. हरिओमला दाखवायला उलटा फटका तयार ठेवावा, म्हणून त्यानं टेबलावरचा माईक ओढला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि बायकोच्या आवाजात, सासू फसली होती त्या आवाजात, लाडात म्हणाला, "उद्या येते की! उद्घाटनाला!"

बटण दाबून सगळं बंद केलं. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट झाली. खाली जिनिंगची मशीनही तेव्हाच थांबली असावी, कारण एकदम शांत झालं.

कानावर हेडफोन तसाच होता.

"बरं," हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

४

राजेश्री साडीला इस्त्री करत होती. तीच जांभळी. गोपीचंद जिना उतरून कधी घरी आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"उद्या तू येऊ नकोस," तो म्हणाला.

"का? नवी बायको घेऊन जायलाय का?"

त्यानं सगळं सांगितलं. पाणी पिऊन परत सांगितलं. काखेत मारून आणलेल्या लॅपटॉपवर तिला ऐकवलं. तिनं नीट ऐकलं, मान तिरपी करून, आणि शेवटचं "कधी" ऐकून खो खो हसत खुर्चीत बसली.

"चांगलाय हो. पाण्यातला आवाज कसा काढला? गुळणी धरली होती का तोंडात?"

"राजे, माझा आवाज न्हाई तो."

"मागं देव्हाऱ्यातला गणपती बोलला, तवा बी तुमचा नव्हता. माझी आई दोन दिवस उपाशी राह्यली, देवानं सांगितलं म्हणून."

"तुझ्या गळ्याची शपथ."

"गळा तेवढा सोडा. पोट हाय त्याच्यावर."

आता बघा, खरं बोलायची सवय असलेला एकदा खोटं बोलला तर लोक माफ करतात. खोट्याची सवय असलेल्याला एकदा खरं बोलायचं म्हणजे मोठी पंचाईत. गोपीचंद हात जोडत होता, तिला वाटत होतं हात जोडायचं सोंग चांगलं वठलंय. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. ती म्हणाली, "बघा, ह्याच्या वर गेलात तर माईक फाटतो."

मग मात्र तिनं इस्त्री उभी ठेवली.

"ऐका," ती म्हणाली, "जन्मभर लोकांनी माझा आवाज ऐकला. पाणी येणार न्हाई, सेल लागलाय. उद्या पहिल्यांदा तोंड बघतील. मला हे बी करू देऊ नका, असं असलं तर तसं सांगा. भुताबितावर ढकलू नका."

गोपीचंद परत दुकानात गेला. शेवटचा शॉटच कापून टाकला. राजेश्री दारात वळते, ओट्यांकडं बघून हसते, आणि तिचे ओठ हलायच्या आत पडदा काळा. 'येते' म्हणलंच नाही तर येणार कुठून, असा त्याचा हिशेब.

हे करताना त्यानं हेडफोन लावला नाही. आवाज बंद ठेवूनच काम केलं.

५

उद्घाटन दुपारचं. फीत कापली, नारळ फुटला, साहेब लोक ओट्यांवर बसले. गावातल्या बायाही आल्या, पण रस्त्याच्या दाराजवळ खालीच बसल्या. ओट्याला एकीनंही अंग लावलं नाही. दगडाबाई नेहमीसारखी बाहेर. कार्यक्रमाचा आवाज धरायचा रेकॉर्डर लावायला म्हणून गोपीचंद कोपऱ्यातल्या ओट्यापाशी गेला.

खळगा होताच. त्याच्या शेजारच्या दगडावर त्यानं हात ठेवला. हा सपाट होता. त्यानं स्वतः बघून ठेवला होता.

आता तिथंही खळगा होता. उथळ, अगदी नवा. आणि दगड कोमट होता, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.

"सरका," राजेश्री म्हणाली, पर्स बाजूला ठेवली आणि नेमकी तिथंच बसली.

"तिथं नको."

"मग कुठं? सगळीकडं साहेब बसलेत."

माहितीपट झाला. राजेश्री पडद्यावर दिसली, मोठी, जांभळी, हसरी. बायांच्यात कुजबूज झाली, "आगं, ही तर रिक्षातली!" आणि सगळ्या वळून तिच्याकडं बघायला लागल्या. राजेश्रीनं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाली होती. गोपीचंदाला क्षणभर वाटलं, चुकलोच आपण, हिला अडवत होतो. आणि शेवटचा शॉट आला. पडदा काळा. कुणीच काही म्हणलं नाही, पडद्यावर नाही आणि खोलीतही नाही. टाळ्या वाजल्या.

मग पांगापांग. गोपीचंद डोळ्यात तेल घालून बघत होता. साहेब लोक फोन कानाला लावून गेले. साहेबाला कधी कुणाचा निरोप घ्यावा लागतो का? माधवीबाई "बाय" म्हणाल्या. इंग्रजीला तिथं कुणी ओ देत नसावं. आणि गावच्या बाया उठल्या, चपला घातल्या, निघाल्या. सगळ्या मिळून एक शब्द नाही.

राहिली राजेश्री. उंबऱ्यात गेली, वळली, रिकाम्या खोलीकडं बघितलं. आज तिचा दिवस होता, जीव भरून आला होता. तोंड उघडलं. "बरं, ये..."

"जातो!" गोपीचंद केवढ्यानं तरी ओरडला. "जातो आमी! गेलो!" आणि दंड धरून तिला बाहेर ओढलं.

गाडीशी येईपर्यंत ती थरथरत होती. रागानं. "चारचौघात? आजच्या दिवशी? अशुभ बोलायचं, वर हात धरून ओढायचं?"

"बस गाडीत. घरी गेल्यावर पाहिजे तेवढं बोल."

"पर्स राह्यली ओट्यावर."

"मी आणतो."

"काही गरज न्हाई तुमची," ती म्हणाली आणि परत गेली.

तो मागं निघालाच होता, तेवढ्यात हरिओमच्या हातून स्टँड निसटला. दोघांनी तो धरला, डिकीत घातला. तेवढाच वेळ. आतून राजेश्रीचा आवाज आला. पाहुणी बोलते त्या गोड, परक्या आवाजात. "न्हाई न्हाई, कशाला त्रास घेता..."

गोपीचंद डिकी उघडी टाकून दाराकडं वळला.

आणि ती बाहेर आली. हातात पर्स, चेहऱ्यावर राग नाही. गाडीत बसली, दार हळूच ओढलं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी न्हाई," ती हसून म्हणाली.

दारातली दगडाबाई उठून उभी राहिली होती. ती राजेश्रीकडं बघत नव्हती. खोलीत बघत होती. मग तिनं पदर तोंडावर ओढला आणि शेळ्या तिथंच सोडून चालायला लागली.

हरिओम मागून मोटारसायकलवर येणार होता. गोपीचंदानं गाडी वळवली. वळवताना समोरच्या छोट्या आरशात मुसाफिरखान्याचं दार आलं, दारातून आतला कोपरा आला, आणि कोपऱ्यात ओट्यावर जांभळं काहीतरी. बसलेलं. मांडीवर हात ठेवून, वाट बघणारं.

पडदा असंल, तो स्वतःला म्हणाला. पाटीवरून ओढलेला उद्घाटनाचा पडदा तिथं टाकला असंल घडी करून. पडदा कुठल्या रंगाचा होता, हे त्याला काही केल्या आठवेना. बाजूला बघितलं. बाजूला जांभळी साडी बसली होती. मांडीवर हात ठेवून.

६

घरी आल्यावर बायको काय करते? पंखा लावते, चपला पायानं कोपऱ्यात ढकलते, "हुश्श" करते, आणि नवऱ्याला सकाळपासूनचं सगळं सुनावते. गोपीचंद त्या सुनावण्याची वाट बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याला शिव्या पाहिजे होत्या.

तिनं दारात चपला काढून जोडीनं लावल्या. आत आली आणि कॉटच्या अगदी कडेला टेकली. पर्स मांडीवर. घराकडं बघत होती, कौतुकानं. "छान हाय घर," म्हणाली.

तो चहा करायला गेला. साखर कुठं असते, हे विचारायला मागं वळला आणि विचारलं नाही. तिला माहीत नसलं तर? दोन कप घेऊन आला.

तिनं कप दोन्ही हातांनी घेतला. "कशाला त्रास घेतला," म्हणाली.

आवाज तिचाच होता. एकेक सूर तिचा. गोपीचंदापेक्षा हा आवाज कुणाला माहीत? म्हणूनच त्याला कळलं. असा हुबेहूब आवाज माणसाला स्वतःचा काढता येत नाही. तो दुसराच काढू शकतो.

तिनं चहा संपवला, कप नीट ठेवला, पदर सावरला. दारात जाऊन चपला घातल्या आणि उंबऱ्यावर वळून हसली.

"बरं, येते."

आणि थांबली. उत्तराला.

गल्लीत दिवेलागण होत होती, शेजारी कुकर वाजत होता. त्याच्या डोक्यात एकच भुणभुण. 'या' म्हणावं, तर ही निघून जाईल, आणि कधीही परत येईल. 'जा' म्हणावं, तर? आणि चुकून ही राजेश्रीच असली, रागात थट्टा करणारी, नवऱ्याला त्याच्याच औषधाची मात्रा देणारी, तर? त्याला तसंच पाहिजे होतं. मागं तिनं एकदा असंच दिवसभर त्याला "भाऊजी" म्हणून छळलं होतं.

त्यानं यजमान म्हणतो ते म्हणून टाकलं. दुसरं सुचलंच नाही.

"बसा की अजून. एवढी काय घाई?"

ती लगेच चपला काढून आत आली, आणि कॉटच्या कडेला टेकली.

रात्रभर असंच. थोडा वेळ बसायची, उठायची, चपला घालायची, "बरं, येते." तो म्हणायचा, "बसा की." सकाळी दुधवाला आला तेव्हा ती तशीच होती, पदर न विस्कटलेली, पर्स मांडीवर. गोपीचंद तेवढा एका रात्रीत आणखी म्हातारा झाला होता.

७

हरिओम सकाळीच आला. आत आला नाही, खिडकीतूनच हात घातला.

"काका, रेकॉर्डर राह्यला होता ओट्यावर. माधवीबाईंनी पाठवला. काल चालूच राह्यला, बॅटरी संपस्तोर. काकू बऱ्या हायेत न?"

कॉटवरून राजेश्री त्याच्याकडं बघून पाहुणीसारखी हसली. हरिओम, तो विनोदाला दगड असलेला गडी, दोन पावलं मागं सरला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. तिला नमस्कार करायचाही राहिला.

गोपीचंदानं रेकॉर्डर चार्जरला जोडला आणि हेडफोन कानाला लावला.

माहितीपट. टाळ्या. चपलांचे आवाज. मग त्याचं स्वतःचं ओरडणं, "जातो! गेलो!" थोडी शांतता. राजेश्रीची पावलं आत आली, हे त्याला ओळखू आलं. रागानं टाकलेली, टाचा आपटणारी, त्याच्या बायकोची. पर्सची चेन वाजली. मग ती म्हणाली, "न्हाई न्हाई, कशाला त्रास घेता," आणि ओट्यावर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला. मग पावलं बाहेर गेली. ती टाचा आपटत नव्हती.

गाडी सुरू झाली. ती गाडी तो स्वतः चालवत होता. गाडी लांब गेली. लांब सोडलेल्या एका शेळीची घंटी, आणि पायऱ्यांना लागणारं पाणी.

मग अख्ख्या बाजाराला पुरून उरणारा आवाज, अगदी बारीक होऊन म्हणाला, "आगं बाई, गाडी गेली वाटतं आमची. अहो? अहो!" आणि मग, नाइलाजानं, रीतीनं, "बरं, येते मी."

"बसा की," ओला आवाज म्हणाला. "एवढी काय घाई?"

थोड्या वेळानं पुन्हा, "येते मी." पुन्हा, "बसा की." पुन्हा. पुन्हा. बॅटरी संपेपर्यंत.

गोपीचंदानं हेडफोन काढून फेकला. गाडीची चावी उचलली. अजून दिवस होता, पाथरी काही लांब नाही. जाऊन हात धरून उठवून आणीन, एक शब्द न बोलता, चपला घालून, म्हातारी म्हणाली तसं.

तो दाराकडं धावला. उंबऱ्यावर ती उभी होती, चपला घालून, वाट अडवून.

"बरं, येते."

बाहेर पडायचं तर हिला आधी निरोप द्यायला पाहिजे होता. त्यानं ठरवलं. मराठी माणूस दारातल्या माणसाला कधी म्हणत नाही, ते तो म्हणणार होता. जा. एवढंच अक्षर. त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"बसा की," तो म्हणाला. "एवढी काय घाई?"

जन्मभर त्यानं दुसऱ्यांचे आवाज काढले होते. हा मात्र न काढताच निघाला. ओला, आणि घाई नसलेला.

तिनं समाधानानं मान हलवली आणि चपला काढल्या.